वऱ्हाड्याने ध्रुवाकडे कसे जावे

ही मार्गदर्शिका अमरावती-अकोल्याच्या त्या होतकरू प्रवाशासाठी आहे, ज्याने आजवर थंडी म्हणजे चिखलदरा आणि परदेश म्हणजे पुणे एवढंच पाहिलं आहे, आणि ज्याच्या मनात आता उत्तर ध्रुवाच्या शेजारचा स्वालबार्ड द्वीपसमूह भरला आहे. लेखक स्वतः तिथे गेलेला नाही. मार्गदर्शन निःपक्षपाती राहावं म्हणून त्याने हे मुद्दाम टाळलं आहे.

आधी जागा समजून घ्यावी. शाळेतल्या नकाशावर नॉर्वेच्या वर, जिथे कागद संपतो आणि आपण कंपासचं टोक टोचत बसायचो, तिथे ही बेटं आहेत. क्षेत्रफळ सुमारे 61 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अमरावतीसारखे पाच जिल्हे बसतील. त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली. राहणारी माणसं तीन हजारांच्या आत. नवरात्रात अंबादेवीच्या रांगेत याहून जास्त लोक चपला सांभाळत उभे असतात. गर्दीची सवय असलेल्यांनी ही गोष्ट घरून निघण्यापूर्वीच मनाला सांगून ठेवावी.

पात्रतेबद्दल घाबरू नये. आमचे अकोल्याचे मामा (अकोटकडे बारा एकर, सगळं सोयाबीन आणि पऱ्हाटी) यांनी हा प्रश्न अंकगणिताने सोडवला आहे. 'तिकडं हिवाळ्यात उणे सतरा. इकडं मे महिन्यात सेहेचाळीस. मधात किती झाले? त्रेसष्ट. आता मले सांग, एवढ्या त्रेसष्टातले सेहेचाळीस तं आपण बसल्या जागी काढून राह्यलो. राह्यले किती?' मामांच्या हिशेबाने वऱ्हाडी माणूस ध्रुवाच्या तीन-चतुर्थांश वाटेवर जन्मालाच येतो. फक्त उलट्या बाजूने.

कागदपत्रं

इथे एक आनंदाची बातमी आहे. स्वालबार्डमध्ये राहायला किंवा काम करायला व्हिसा लागत नाही. 1920 साली पॅरिसमध्ये एक करार झाला. बेटांवर सत्ता नॉर्वेची, पण करारात असलेल्या देशांच्या नागरिकांना तिथे समान हक्क, असं ठरलं. ब्रिटिश साम्राज्याबरोबर हिंदुस्थानही त्यात आला, आणि 1925 पासून करार लागू आहे. म्हणजे कुणीही भारतीय उद्या तिथे जाऊन पानटपरी टाकू शकतो. अडचण एवढीच, की तिथे जायची वाट नॉर्वेतून जाते आणि नॉर्वेला व्हिसा लागतो. शिवाय स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्याने येताना पुन्हा नॉर्वेत शिरावं लागतं. म्हणून दोनदा प्रवेश मिळेल असाच शेंगेन व्हिसा काढावा. एकदाच प्रवेशाचा काढलात, तर पानटपरी खरोखरच टाकावी लागेल.

चिकित्सक वऱ्हाड्याला इथे एक शंका येईल आणि ती यायलाच हवी. 1920 साली वऱ्हाड होता कुणाचा? 1853 मध्ये निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला. पण सातबाऱ्यावर, म्हणा ना, नाव निजामाचंच राहिलं. 1936 मध्ये तर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवीही मिळाली. मग इंग्रजांनी पॅरिसला केलेली सही मूर्तिजापूरच्या माणसाला लागू होते का? हा वाद विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी घालू नये. अमरावतीच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर घालावा. तिथे या विषयावर दोन तास बोलणारे वकील मिळतात, आणि चहा तेच पाजतात.

कपडे, म्हणजेच एक कटू प्रकरण

हा भाग घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवू नये. ज्या जिल्ह्यांनी मँचेस्टरच्या गिरण्या चालवल्या, जिथे सोन्याला पिवळं म्हणायचं कारण पांढरं सोनं आधीच शेतात उभं असतं, त्या वऱ्हाडातून ध्रुवाकडे निघताना पहिला नियम असा आहे: अंगाला कापूस लावू नये.

कारण साधं आहे आणि तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे. कापूस घाम पितो, धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. नवतप्यात तुम्ही ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून गाडी चालवता, तेव्हा याच गुणावर तुमचा मेंदू शाबूत राहतो. कूलरच्या ताट्यांमधून ओली हवा अंगावर येते, त्याचंही मर्म तेच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. उन्हात हे वरदान आहे. उणे पंधरा अंशांत, वारा सुटलेला असताना, घामाने भिजलेली सुती बनियन म्हणजे माणसाने स्वतःच्या छातीवर बसवलेला कूलर. म्हणून आतून-बाहेरून लोकर घालावी. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. धनगराची घोंगडी घरात असेल तर ती सोबत घ्यावी. पर्यटन कंपनीच्या यादीत ती नसते, पण यादी करणाऱ्याने घोंगडी पाहिलेली नसते.

सराव करायचा असेल तर चिखलदऱ्याला करू नये. अकराशे मीटर उंचीवरचं हे विदर्भाचं एकुलतं थंड हवेचं ठिकाण कॉफीसाठी उत्तम आहे, गाविलगडासाठी उत्तम आहे, पण तिथल्या थंडीने माणूस फक्त भजी जास्त खातो. खरा सराव घरीच होतो. जानेवारीतल्या पहाटे अंगणात उभं राहून कूलर पूर्ण वेगावर सोडावा आणि समोर ओली बनियन घालून बसावं. पाच मिनिटांत लोकरीचं महत्त्व पटतं. शेजाऱ्यांना काय पटतं, ते विचारू नये.

वाट

एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला विमान सुटतं. त्यामुळे अमरावतीकराला बडनेऱ्याचा प्लॅटफॉर्म न पाहता ध्रुवाकडे निघता येतं. अकोलेकराने मात्र रेल्वेनेच यावं. शिवणीच्या धावपट्टीचं विस्तारीकरण इतकी वर्षं चर्चेत आहे की, आता ते झालं तर बोलायचं कशावर, हा प्रश्न उभा राहील. लाँगइयरब्येन हे स्वालबार्डचं मुख्य गाव. तिथे कायम गोठलेल्या जमिनीवर सव्वादोन किलोमीटरांहून लांब धावपट्टी आहे आणि 1975 पासून तिच्यावर विमानं उतरतात. ही माहिती अकोल्यात सांगताना आवाज खाली ठेवावा.

मुंबईहून ओस्लो, ओस्लोहून तीन तासांत लाँगइयरब्येन. गाव 78 अंश उत्तरेला. अमरावती 21 अंशांच्या जरा खाली. म्हणजे पृथ्वीच्या पोटावरून निघून तिच्या टाळूवर पोचायचं आहे. ही तुलना विमानात शेजारच्या प्रवाशाला सांगून पाहावी. त्याने डोळे मिटले तर आपणही मिटावे.

गाव एका अमेरिकी खाणमालकाच्या नावाचं आहे. त्याच्या कंपनीने 1906 मध्ये कोळशासाठी ते वसवलं. या कोळशाने तिथल्या घरांना एक चाल लावून दिली, जी वऱ्हाड्याला बरोबर सासरी आल्यासारखी वाटेल: दारात जोडे काढायचे. खाणीतून आलेल्या माणसाच्या बुटांची काळी भुकटी घरात येऊ नये म्हणून सुरू झालेली ही पद्धत खाणी बंद पडत गेल्या तरी चालू आहे. हॉटेलात काढा, संग्रहालयात काढा. इथे एकच सूचना, पण ती ठळक: मोजे तपासून न्यावेत. अंगठा बाहेर डोकावणारा मोजा घालून ध्रुवावर वऱ्हाडाची लाज काढू नये.

घरांकडे पाहताना वाकून खालीही पाहावं. घरं खांबांवर उभी दिसतील. जमीन आतून कायमची गोठलेली आहे, पण वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठून फुगतो. घर थेट तिच्यावर टेकवलं, तर त्याच्या उबेने खालचं बर्फ वितळून घरच खचायचं. नवशिक्या पर्यटकाला याचं फार आश्चर्य वाटतं. तुम्हाला वाटायचं कारण नाही. आपली काळी माती दुसरं काय करते? पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडतात, आणि नवी भिंत दोन वर्षांत तिरकी तडकते. 'जमीन हलते' हे वऱ्हाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. उलट लाँगइयरब्येनच्या एखाद्या गवंड्याशी गाठ पडली, तर बराच वेळ दोघांचं जमेल. भाषा येत नसली तरी भेगेची लांबी हाताने दाखवता येते.

उजेडाचा प्रश्न

एप्रिलच्या 20 तारखेच्या सुमारास तिथे सूर्य जो वर येतो, तो ऑगस्टच्या 23-24 पर्यंत मावळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी गेला की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. त्यानंतरही डोंगर आडवे असल्याने गावात ऊन पडायला 8 मार्च उजाडतो. त्या दिवशी सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांशी गोळा होतं, लहान पोरं तोंडाला पिवळा रंग फासून येतात आणि किरण पायऱ्यांवर पडले की जल्लोष होतो. मामांना हे सांगितलं. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. 'उन्हाची वाट पाह्यतेत? लोकं? स्वतःहून?' मग म्हणाले, 'आपलं थोडं पाठवता येत नाई का रे?'

खरी अडचण उपासाची आहे. हिंदू माणूस तिथे कितीही दिवस राहिला तरी त्याला पंचांग सोडवत नाही, आणि पंचांगाला स्वालबार्ड माहीत नाही. जूनमध्ये जाणार असाल आणि घरी संकष्टीचा नेम असेल, तर नीट वाचा. उन्हाळ्यात सूर्य आभाळात उंच फिरतो, तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र त्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला खूप खाली असतो. 78 अंशांवर तो क्षितिजाच्या वर येतच नाही. जूनमधल्या वद्य चतुर्थीलाही हीच गत. चंद्रोदय रात्री साडेदहाला नाही, अकराला नाही, त्या तारखेलाच नाही. चंद्र दिसायला आणखी एखाद-दोन दिवस लागतात. बरं, 'रात्री' म्हणावं तर बाहेर लख्ख ऊन. तेव्हा उपास अमरावतीच्या चंद्रावर सोडावा आणि घरी फोन करून 'निघाला का?' एवढंच विचारावं. देवाला अक्षांश माहीत असतात.

प्राणी

वऱ्हाडातून कुणी जंगलात जाऊन आला की त्याला एकच प्रश्न विचारला जातो: वाघ दिसला का? इथे तो प्रश्न उलटा करून घ्यावा. हिमअस्वल न दिसणं हेच यश. 1973 साली इकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपला मेळघाट आला. त्याच 1973 मध्ये स्वालबार्डमध्ये हिमअस्वलाच्या शिकारीवर बंदी आली. दोघांचंही संरक्षणाचं वय एकच. स्वभावही बराच एक: दोघांनाही आपला फोटो काढण्यात रस नाही.

नियम असा की अस्वलापासून किमान 300 मीटर दूर राहायचं, आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर. 2025 पासून हा कायदाच आहे. पाचशे मीटर म्हणजे किती, हे समजायला आपल्या धुऱ्यावर उभं राहून लांबच्या शेजाऱ्याचा बैल पाहावा. तो पांढरा आहे आणि तुमच्याकडे चालत येतो आहे, अशी कल्पना करावी. गावाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलाला पळवून लावायचं साधन सोबत लागतं, बहुतेक वेळा बंदूक. म्हणून बंदूकवाल्या वाटाड्याबरोबरच जावं. 'मेळघाटात आमी अस्वलाच्या समोर उभे राह्यलो होतो' ही गोष्ट त्याला सांगू नये. मेळघाटात निदान चढायला झाड असतं (आपलं अस्वलही चढतं, पण चढल्याचं समाधान मिळतं). स्वालबार्डमध्ये झाडच नाही. तिथला विलो जमिनीवर सरपटतो आणि बोटाएवढा वाढला तरी त्याचं कौतुक होतं.

अस्वलापेक्षा तुमचा संबंध जास्त येईल तो सुरय पक्ष्याशी. वडाळीच्या तलावावर सुरय पाहिला असेल, तर त्याचा हा आर्क्टिकवाला चुलतभाऊ ओळखू येईल. हा दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातो आणि परत येतो. पृथ्वीवर एवढा प्रवास करणारा दुसरा पक्षी नाही, आणि एवढा प्रवास करून आल्यावर माणूस चिडतो तसाच तोही चिडलेला असतो. उन्हाळ्यात घरट्याजवळून कुणी गेलं की थेट डोक्यावर झेपावतो आणि चोच मारतो. त्याची खोड अशी की तो अंगाचा सगळ्यात उंच भाग गाठतो. म्हणून तिथली माणसं काठी डोक्याच्या वर धरून चालतात. वऱ्हाड्याने तुराटी न्यावी. हलकी, सरळ, फुकट. विमानतळावर तपासणीत अडवली तर 'पक्ष्यासाठी' असं सांगून पाहावं.

रेनडिअर आखूड पायांचे आणि शांत असतात. गावात फिरतात, रस्त्यात उभे राहतात, हॉर्नला दाद देत नाहीत. अमरावतीच्या रस्त्यावर गाडी चालवलेल्याला वेगळ्या सूचनेची गरज नाही.

आणि मग जुलैत कधीतरी, एखाद्या ओलसर दरीत, ते दिसेल. पांढरे गोंडे. हजारो. वाऱ्यावर एका दिशेला झुकलेले, बोंडं फुटावीत तसे. तुमचा हात आपोआप ओच्याकडे जाईल, 'वेचा कधी काढतेत?' असं तोंडातून निघेल, सीतादहीच्या तयारीची आठवण होईल. थांबावं. ते कापूस-गवत आहे. धागा निघत नाही, गाठोडं होत नाही, हमीभाव नाही. शिवाय फुलं तोडायला तिथे बंदी आहे. फक्त पाहावं, आणि निदान हे पीक बोंडअळीपासून सुटलं म्हणून निःश्वास टाकावा.

हिमाद्री, आणि एक इंजिन

लाँगइयरब्येनच्या वायव्येला न्यू-ओलेसुंद नावाची संशोधकांची वस्ती आहे. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र तिथे 1 जुलै 2008 रोजी सुरू झालं. तिथून ध्रुव बाराशे किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे मुंबई-अमरावती जाऊन-येऊन होतं तेवढंच. आर्क्टिकचं बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचा एकमेकांशी काय धागा आहे, हा तिथल्या अभ्यासाचा एक विषय. दुबार पेरणी केलेल्या माणसाला तो विषय समजावून सांगावा लागत नाही.

या वस्तीत वाय-फाय, ब्ल्यूटूथ चालू ठेवायला मनाई आहे, कारण आकाशातले क्षीण रेडिओ संदेश ऐकणाऱ्या दुर्बिणींना त्याचा त्रास होतो. मोबाइल विमानात ठेवतो तसा मुका करून ठेवायचा. वऱ्हाडी माणसाला आवाज न करता राहता येतं का, याचा प्रयोग अजून झालेला नाही. पहिले तुम्ही.

तिथे समुद्राकाठी एक लहानसं वाफेचं इंजिन उभं करून ठेवलेलं दिसेल. कोळसा बंदरापर्यंत ओढायचं. 1962 साली खाणीत स्फोट होऊन 21 माणसं गेली, पुढच्या वर्षी खाण बंद झाली. इंजिन मात्र त्यांनी रंगवून, रुळांवर उभं करून जपलं आहे. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची आपली शकुंतला 1994 पर्यंत अशाच कोळशावर धापा टाकत चालायची. पुढे डिझेल आलं, मग गाडीच थांबली. या इंजिनासमोर उभं राहून मूर्तिजापूरच्या माणसाचा घसा दाटून येतो, असं समजून एक रुमाल जवळ ठेवावा. सुती चालेल.

शेवटचा मुक्काम

परतीच्या आदल्या दिवशी विमानतळाजवळच्या डोंगरात बांधलेल्या बियाण्यांच्या कोठाराकडे जावं. 26 फेब्रुवारी 2008 ला ते उघडलं. डोंगराच्या पोटात शंभरहून अधिक मीटर आत, उणे 18 अंशांवर, जगभरातल्या 13 लाखांवर वाणांच्या पुड्या बंद करून ठेवल्या आहेत. युद्ध झालं, पूर आला, एखाद्या देशाची बियाण्यांची पेढी जळाली, तर परत मिळावं म्हणून. तशी वेळ आलीही: सीरियातल्या युद्धामुळे 2015 मध्ये तिथून पहिल्यांदा बियाणं काढावं लागलं. उणे 18 म्हणजे आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या खणाएवढंच. फक्त इथे लाइट गेल्यावर दार उघडून पाहायची कुणाला मुभा नाही. आणि 2016 मध्ये अवेळी पाऊस आणि वितळलेलं बर्फ बोगद्याच्या तोंडातून आत शिरलं, तेव्हा गारठ्यावर विसंबून राहणाऱ्यांनाही घाम फुटला होता. कसल्या बनियनीत, ते कळलं नाही.

पर्यटकाला आत जाता येत नाही. बाहेर डोंगरातून निघालेली काँक्रीटची पाचर, तिच्यावर चमकणारी काच, आणि बंद दार. तरी जावं. कारण आत ज्वारी आहे. तूर आहे, हरभरा आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने आपल्याकडचे हजारो वाण इथे आणून ठेवले आहेत. हैदराबाद आणि वऱ्हाड, पुन्हा एकदा. निजामाने आपल्याला पट्ट्याने दिलं होतं. या वेळी ठेव आपल्याच वाणांची आहे. ज्याने पेटी ठेवली, त्याच्याशिवाय ती कुणाला उघडता येत नाही.

दाराशी वारा फार असतो. आडोसा पाहून बसावं आणि घरून आणलेला डबा काढावा. भाकरी वातड झालेल्या असतील, जवसाची चटणी ठीक असेल. पीठ मोंढ्यातल्या दुकानातून पुड्यात आणलं होतं, हे आठवेल. लाँगइयरब्येनमध्ये मोबाइल चालतो, त्यामुळे मामांना फोन लावता येईल.

'काय हाये तिथी आत?'

'ज्वारी हाये, मामा.'

पलीकडे थोडा वेळ कूलरचा आवाज येईल.

'घरी नवती का बे?'

मामांनी शेवटची ज्वारी पेरली त्याला वीस वर्षं झाली. ते त्या वेळी फोनवर काढू नये. डब्याचं झाकण घट्ट लावावं आणि निघावं.